गिटारच्या घरगुती प्रॅक्टिस ॲम्पसाठी छोटा स्पीकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲम्पचं सर्किट कुठेही मिळतं, चिप आणि कपॅसिटर खडेबाजारापासून निपाणीपर्यंत कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. गाडी अडते ती स्पीकरपाशी. दुकानदार विचारतो, ‘‘किती वॅटचा देऊ?’’ आणि इथूनच चुकीची वाट सुरू होते. बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडची मुलं आणि काही हौशी मोठी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत.

सर्किट तयार आहे. आता कुठलाही स्पीकर जोडला तर चालत नाही काय?

वाजेल की. पण गिटारसारखा वाजेल असं नाही.

गाणी ऐकायच्या स्पीकरचं काम आलेला आवाज जसाच्या तसा पुढे द्यायचं. गिटारच्या स्पीकरचं तसं नाही, तो वाद्याचाच भाग असतो. साधारण ८० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंत तो वाजतो, मध्ये २००० ते ४००० च्या पट्ट्यात थोडा उसळतो आणि ५००० नंतर झपाट्याने गप्प होतो. हे गप्प होणं फार महत्त्वाचं आहे. ॲम्प ओव्हरड्राइव्ह केला, म्हणजे ताकदीबाहेर पिळला, की मूळ सुरावर वरच्या पट्टीतल्या हार्मोनिक्सचा (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांच्या सुरांचा) थर चढतो. गिटारचा स्पीकर त्यातला वरचा कचरा गाळून टाकतो आणि आवाज जाडसर, गोड लागतो. तेच सर्किट म्युझिक सिस्टिमच्या ट्वीटरवाल्या (वरच्या सुरांसाठी वेगळा चिमुकला स्पीकर असलेल्या) स्पीकरला जोडा, तो १५-२० हजार हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने ऐकवतो आणि डिस्टॉर्शनची नुसती चरचर होते. मग माणूस सर्किटला दोष देतो, चिप बदलतो, पेडल विकत घेतो. दोष यातल्या कशाचाच नसतो.

किती इंची घ्यावा?

जागा असेल तर ८ इंची. बहुतेकांसाठी ५ ते साडेसहा इंची. ४ इंच ही माझ्या मते शेवटची पायरी, त्याखाली गंमत म्हणून जा.

स्पीकरचा व्यास दुप्पट झाला की हवा ढकलणारं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे ४ इंचीच्या जागी ८ इंची आला की खालच्या सुरांना एकदम अंग येतं. फेंडर चॅम्प हा स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला छोटा व्हॉल्व्ह ॲम्प. त्याच्या गाजलेल्या मॉडेलांत ८ इंची स्पीकर आहे आणि ताकद जेमतेम ५ वॅट. १९७० च्या दशकातला पिग्नोज आणि नंतरचा रोलंड मायक्रो क्यूब, दोन्हींत ५ इंची स्पीकर. म्हणजे ५ इंचातून चांगला आवाज निघतो याला पुरावे आहेत. फक्त दोन्ही कंपन्यांनी डब्याचा विचार नीट केलेला आहे, आणि आपण नेमका तिथेच आळस करतो.

२ आणि ३ इंचींचं थोडक्यात सांगायचं तर सिगारेटच्या पाकिटातला ॲम्प करायचा असेल तर घ्या. खिशात मावतो, मित्रांना दाखवायला छान. रोजच्या रियाजाला नको, तासाभरात कान किटतात.

गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झची. ४-५ इंची स्पीकर तिथपर्यंत जात नाही म्हणतात. मग ती तार ऐकूच येणार नाही काय?

येते. बहुतेक छोट्या स्पीकरांचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ज्या सुरावर ते सगळ्यात सहज थरथरतात तो सूर, १०० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि त्याखाली त्यांचा आवाज पडत जातो, हे खरं. पण ई तार छेडली की एकटं ८२ निघत नाही. १६५, २४७, ३३० असे त्याचे हार्मोनिक्सही निघतात, आणि बऱ्याचदा मूळ सुराहून जोरात. एवढी शिडी कानावर पडली की मेंदू खालची गाळलेली पायरी आपणच भरून घेतो. म्हणून मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बास गिटारची चाल ओळखता येते.

उलट माझा सल्ला असा की छोट्या स्पीकरला ८२ हर्ट्झ द्यायच्या भानगडीत पडूच नका. अनुनादाच्या खालचा सूर आला की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा कागदी पडदा, नुसता पुढेमागे धडपडतो, आवाज काही होत नाही आणि ॲम्पची ताकद फुकट जाते. एलएम३८६ या छोट्या ॲम्पच्या चिपच्या इनपुटचा रोध ५० किलोओहम असतो. त्याच्या अलीकडे ०.०३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत टाकला की साधारण ९६ हर्ट्झच्या खालचं कापलं जातं. ४ इंची स्पीकर लगेच मोकळा वाजायला लागतो.

दुकानदार वॅट विचारतो. काय सांगू?

ॲम्पच्या दुप्पट सांगा आणि विषय संपवा. ॲम्प पूर्ण पिळला की आउटपुटची लाट चौकोनी होते, आणि चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट ताकद असते. म्हणून ५ वॅटच्या ॲम्पला १० वॅटचा स्पीकर. ९ व्होल्टवरचा एलएम३८६ अर्धा ते पाऊण वॅट देतो, त्याला २ वॅटचा कुठलाही पुरे.

‘‘जास्त वॅटचा घेतला तर जास्त आवाज येतो’’ हे आमच्याकडच्या प्रत्येक गणेश मंडळातलं ब्रह्मवाक्य आहे. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसेल, किती ओरडेल ते नव्हे. ५० वॅटचा जड कोनवाला स्पीकर अर्ध्या वॅटच्या ॲम्पला जोडला तर तो जागचा हलणारही नाही.

मग आवाज कशावर ठरतो?

सेन्सिटिव्हिटीवर. दोन-चार वॅटच्या ॲम्पसाठी यापेक्षा महत्त्वाचा आकडा नाही, आणि सुट्या स्पीकरांवर नेमका हाच छापलेला नसतो.

१ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. घरगुती म्युझिक सिस्टिमच्या लहान स्पीकरांचा ८४-८६ च्या आसपास असतो, गिटारच्या चांगल्या स्पीकरांचा ९४-९५ आणि त्याहून वर. फरक दिसायला दहाचा. पण १० डेसिबल म्हणजे ताकद दहापट! ९४ डेसिबलचा स्पीकर अर्ध्या वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ वाल्याला ५ वॅट लागतात. कानाला हा फरक साधारण दुप्पट आवाजाएवढा जाणवतो. म्हणजे बाजारातून मोठी चिप, मोठा हीटसिंक, मोठा अडॅप्टर आणायचा खर्च नुसता योग्य स्पीकर निवडून वाचतो.

आकडा छापलेला नसेल तर डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवायचं. कोन पातळ कागदाचा आणि हलका हवा. कडेचा पट्टा, म्हणजे सराउंड, त्याच कागदाला चुण्या पाडून केलेला किंवा लेप दिलेल्या कापडाचा असावा. बोटाने हळूच दाबल्यावर कोन थोडासाच आत जावा आणि सोडल्याबरोबर परत यावा. कोनावर टिचकी मारा. ‘टक्’ असा कोरडा, थोडा वरच्या सुराचा आवाज आला तर स्पीकर गिटारच्या कामाचा. ‘थप्’ असा मऊ, मेलेला आवाज आला आणि कडेला जाड रबराचं गुबगुबीत कडं असेल तर तो बाससाठी केलेला आहे. छोट्या ॲम्पवर तो झोपून राहणार.

४ ओहम की ८ ओहम?

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध. चिप बघा, मग ठरवा.

एलएम३८६ ला ८ ओहम. ४ वर तो वाजतो खरं, पण तापतो आणि लवकर फाटतो. शिवाय आउटपुटला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ८ ओहमवर खाली ९० हर्ट्झपर्यंतचे सूर जातात, ४ ओहमवर कात्री १८० हर्ट्झवर येते. कुणी सांगितलं ‘‘४ ओहमचा लावला तर बास गेला’’ तर कारण हे. कपॅसिटर ४७० किंवा १००० चा करा, बास परत येईल.

टीडीए२०३० सारख्या चिपला ४ आणि ८ दोन्ही चालतात. अधिक-उणे १४ व्होल्टवर ती ४ ओहमला १४ वॅटच्या आसपास देते, ८ ला ९. घरात ९ सुद्धा जास्तच आहेत, ८ ओहमचा लावा आणि हीटसिंकला जरा आराम द्या.

पीएएम८४०३ च्या छोट्या निळ्या-हिरव्या पट्ट्या सध्या सगळीकडे मिळतात. ५ व्होल्ट, ४ ओहमवर प्रत्येक चॅनेलला ३ वॅटपर्यंत. इथे एक खबरदारी: या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. स्पीकरची उणे तार ग्राउंडला किंवा पत्र्याच्या डब्याला लागता कामा नये, चिप जाईल. दोन चॅनेलच्या उणे तारा एकत्र जोडणं हाही तोच उद्योग.

या सगळ्या ट्रान्झिस्टर-चिपवाल्या ॲम्पांना एक नियम लागू होतो. सांगितलेल्यापेक्षा जास्त ओहम चालतात, आवाज थोडा कमी होतो. कमी ओहम धोक्याचे. व्हॉल्व्हच्या ॲम्पचं गणित वेगळं आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरला जुळणारेच ओहम हवेत आणि स्पीकर न जोडता तो चालूच करायचा नाही.

स्पीकरवरचा शिक्का पुसला गेलाय. ओहम कसे ओळखायचे?

मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीनच्या आसपास. कमी दिसलं म्हणून घाबरू नका. मीटर तारेचा नुसता डीसी रोध मोजतो, छापलेला आकडा एसीचा असतो. मीटरची सुई लावताना ‘खट्’ आवाज आला तर कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी, जिवंत आहे. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, किंवा टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी वेणीसारखी मऊ तार तुटली. ती तार असेल तर डाग देऊन भागतं.

आजोबांचा रेडिओ माळ्यावर पडून आहे. त्यातला स्पीकर चालतोय काय?

चालतोय काय म्हणजे? तोच तर घ्यायचा!

त्या काळी ॲम्पांकडे ताकद कमी होती, त्यामुळे स्पीकर हलक्या कागदाचे आणि थोड्या ताकदीत जोरात वाजणारे करत. आपल्याला हवं तेच. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की धुळीचा, जळमटांचा थर दिसेल. त्याखाली ५ किंवा ६ इंची, नाहीतर लंबगोल स्पीकर आणि आतून चिकटवलेलं जाळीदार कापड. कोन तपकिरी-काळा पडलेला असेल, त्याने बिघडत नाही. मऊ ब्रशने झटका, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा कागदाला नको. जुन्या रंगीत टीव्हीतले आणि टू-इन-वनमधले लंबगोल स्पीकरही चांगले लागतात.

तीन गोष्टी सांभाळा. रेडिओ व्हॉल्व्हचा असेल तर प्लग काढून ठेवल्यावरही आतल्या कपॅसिटरांत दणका देण्याइतका चार्ज राहू शकतो, उघडायचं काम रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. अशा स्पीकरच्या चौकटीवर कधी कधी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. आपल्या चिपला तो नको, तारा थेट कॉइलच्या टर्मिनलवरून घ्यायच्या. तिसरं, छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओत १६ ओहम किंवा त्याहून जास्तीचेही स्पीकर सापडतात. ते बिनधास्त जोडा, जरा हळू वाजतील एवढंच.

आणि रेडिओ चालू अवस्थेत असेल तर कृपा करून मोडू नका. भंगारवाल्याकडे बंद पडलेले ढिगाने असतात.

कारचा जुना स्पीकर?

पडून असेल तर लावून बघा, विकत आणू नका. बहुतेक ४ ओहमचे, रबरी सराउंडचे, डबलरोटीसारखे मऊ. गाडीचा ॲम्प दमदार असतो म्हणून तिथे ते चालतात. मधोमध ट्वीटर बसवलेला असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या छोट्या कपॅसिटरची एक तार सोडवा, चरचर बरीच कमी होते. टीडीए२०३० असेल तर साडेसहा इंची कारचा स्पीकर बऱ्यापैकी वाजतो. एलएम३८६ ला नको.

मंडपवाल्याकडे भोंगा आणि कॉलम दोन्ही आहेत, फुकट देतो म्हणतोय.

भोंगा नको. तो माणसाचं बोलणं लांबवर पोचवायला केलेला असतो, गिटारच्या खालच्या तीन तारा त्याच्या गावीच नसतात.

कॉलम मात्र घ्या आणि उघडा. आत ओळीने कागदी कोनाचे स्पीकर असतात आणि ते गिटारला गोड लागतात. यातल्या पुष्कळ कॉलमांत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो बाजूला करून एकेका स्पीकरचे ओहम मोजा.

कंपनीचा गिटार स्पीकर मागवण्यात अर्थ आहे काय?

आहे, पण कधी ते बघा. ब्रिटनची सेलेस्टियन १९२४ पासून स्पीकर करते आहे, तिचा ‘एट १५’ हा ८ इंची, १५ वॅटचा. जेन्सनच्या ‘मॉड’ मालिकेत ५, ६ आणि ८ इंचीही मिळतात. हे खास गिटारसाठीच घडवलेले. ऑनलाइन मागवावे लागतात, बेळगावात दुकानात ठेवलेले सहसा दिसत नाहीत.

पहिलाच ॲम्प, चिप एलएम३८६, आणि तीही चालेल की नाही याची खात्री नाही? तर नको. उरलेल्या सगळ्या ॲम्पपेक्षा स्पीकरच महाग पडेल. ५ ते १५ वॅटचा ॲम्प झाला, डबा नीट झाला, वर्षभर वाजवायची तयारी आहे, तर मात्र पुढचा पैसा पेडलवर न घालता इथेच घाला. सर्किटं बदलत राहतात, असा स्पीकर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात राहतो.

डबा कसला करावा? बिस्किटाचा पत्र्याचा डबा चालेल?

पत्रा खणखणतो. आतून रबर, जाड कापड चिकटवलं तर थोडं थांबतं, पण प्लायसमोर काही नाही.

डब्याचं मुख्य काम समोरचा आवाज आणि मागचा आवाज वेगळा ठेवायचं. कोन पुढे जातो तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि मागे कमी होतो. मोकळा स्पीकर हातात धरून वाजवला की या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना खातात, आणि खालच्या सुरांना सगळ्यात जास्त, कारण त्यांची लाट लांब. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची! म्हणून स्पीकर हातात धरून ‘‘हा काय भंगार वाजतोय’’ असं ठरवू नका. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला भोक पाडून त्यावर नुसता टेकवा आणि ऐका. त्याच स्पीकरमध्ये जीव आलेला कळेल.

छोट्या स्पीकरला मला मागून अर्धवट उघडा डबा आवडतो. पूर्ण बंद छोटा डबा आतल्या हवेची स्प्रिंग करतो, अनुनाद वर चढतो आणि आवाज कोंदटतो. समोरची फळी स्पीकरपेक्षा चांगली मोठी ठेवा: ५ इंचीला ३० सेंटिमीटर रुंद फळी अजिबात जास्त नाही. मागे वरखाली दोन पट्ट्या ठोका, मध्ये मोकळं सोडा. पिग्नोजचा डबा तर बिजागरीवर उघडतो, आणि किती उघडला यावर आवाज बदलतो. हे घरी करून बघण्यासारखं आहे, दोन बिजागऱ्यांचा खर्च.

लाकूड १२ मिलिमीटर प्लाय घ्या, ५ इंचीपर्यंत ९ सुद्धा चालतं. एमडीएफ स्वस्त आणि सरळ कापलं जातं, पण आमच्या पावसात त्याच्या कडा पाव भिजल्यासारख्या फुगतात. खानापूरकडचा सुतार सागाच्या फळीचा आग्रह धरेल, दिसायला ती देखणी होतेच. ऐकण्यात प्लायपेक्षा फार फरक पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

खानापूरच्या मातीच्या कुंडीत बसवला तर?

हा प्रश्न थट्टेने विचारतात, पण कल्पना वाईट नाही. भाजलेली माती कडक असते, फळीसारखी थरथरत नाही. रुंद तोंडाच्या कुंडीवर प्लायचं गोल झाकण बसवायचं, त्यात स्पीकर, आणि तळाचं पाणी जायचं भोक वायरला आयतंच मिळतं. अरुंद गळ्याचा माठ मात्र नको. त्याचा स्वतःचा एक सूर असतो, तेवढाच घुमत राहतो.

भोक गोल कसं कापायचं? उद्यमबागेत ओळखीचं वर्कशॉप आहे, तिथे करून घेऊ काय?

कापून घ्या, पण स्पीकर घरी ठेवून जा.

हे मुद्दाम सांगतो. मशिन शॉपमध्ये टेबलावर, हवेत, कामगाराच्या हातमोज्यांवर सगळीकडे लोखंडाचा कीस असतो. स्पीकरच्या मागे दांडगं चुंबक आहे आणि कॉइल ज्या फटीत हलते ती मिलिमीटरच्या आसपासची. एक बारीक कण त्या फटीत शिरला की बसला. मग प्रत्येक सुराबरोबर खर्र खर्र, आणि तो कण हवा मारून निघत नाही, कारण चुंबक त्याला सोडत नाही. वर्कशॉपमध्ये कागदावर काढलेलं माप न्या.

माप स्वतः घ्या. ‘५ इंची’ हा आकडा बहुधा चौकटीच्या बाहेरच्या कडेचा असतो, भोक त्याहून लहान लागतं. स्पीकर उपडा ठेवून चौकटीच्या आतल्या गोलाचा व्यास मोजा, दोन-तीन मिलिमीटर सैल धरा. स्क्रूची भोकंही आधी पाडून, भुसा झटकून, मगच स्पीकर बसवा. बसवताना स्क्रूड्रायव्हरवर तळहात आडवा धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं आणि कोनात भोक पडतं.

पावसाळ्यात स्पीकर खराब होतो म्हणतात, खरं काय?

कागद दमट झाला की जड होतो, आवाज बुजतो, वाळला की बहुधा परत येतो. खरा शत्रू बुरशी. जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे बंद डब्यातल्या कोनावर पांढरे ठिपके दिसणारच. रोज अर्धा तास वाजवत राहणं हा चांगला उपाय, कॉइलची ऊब आणि कोनाची हालचाल दोन्ही कामाला येतात. ॲम्प जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कोनावर व्हार्निश लावायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका, कोन जड होतो आणि सेन्सिटिव्हिटी जाते.

फोमचं सराउंड असलेला जुना स्पीकर घेऊच नका. ते पावसाविनाही काही वर्षांत चिकट होऊन गळतं.

दोन छोटे लावू की एक मोठा?

तेवढ्याच पैशात एक मोठा. पण हाताशी दोन सारखे असतील तर लावा, आवाज भरतो. ८ चे दोन समांतर जोडले की ४ ओहम, मालिकेत १६. ४ चे दोन मालिकेत जोडले की ८, एलएम३८६ ला नेमके.

दोघांची दिशा एकच हवी. दीड व्होल्टचा सेल टर्मिनलना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या अधिककडचं टर्मिनल अधिक, तिथे खूण करा. एक बाहेर आणि एक आत असे जोडले तर बास गायब होतो.

दुकानात किंवा भंगारात तपासायचं कसं?

सेल सोबत न्या, वर सांगितल्याप्रमाणे खट् आवाज बघा. मग दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवून कोन हळू दाबा. घासल्याचा बारीक आवाज आला की कॉइल सरकलेली आहे, ठेवून द्या. तिरकं दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून घाई नको. चौकट वाकलेली नाही ना, चुंबक हलत नाही ना, एवढं पुरे. मराठी, कन्नड, हिंदी कुठल्याही भाषेत घासाघीस चालते, पण ‘गिटारसाठी हवा’ असं सांगू नका. किंमत वाढते.

कोन थोडा फाटलाय.

पातळ टिश्यू पेपर, पाणी घालून सैल केलेला फेव्हिकॉल, मागून एक थर, वाटलं तर पुढून एक. रात्रभर वाळू द्या. चीर सराउंडवर असेल तर फेव्हिकॉल कडक होतो, तिथे लवचीक रबरी डिंक वापरा. डीजेचे मोठे स्पीकर दुरुस्त करणारे नवा कोन बसवून देतात, पण ५ इंचीसाठी ती मजुरी परवडत नाही.

सगळं केलं, तरी आवाज कर्कश येतो.

आधी ॲम्प जरा बाजूला वळवून ऐका. वरचे सूर सरळ रेषेत समोर जातात, त्यामुळे तोंडासमोर बसलं की टोचतात. डबा जमिनीवर तिरका ठेवा किंवा कोनासमोर जाडसर कापड लावा. एवढ्याने भागलं नाही तर प्रीॲम्प (सिग्नल आधी वाढवणारा टप्पा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा टप्पा) यांच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्यापुढे ०.०३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. साधारण ४८०० हर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं. ट्वीटर नसलेला साधा रेडिओचा स्पीकर असेल तर याची गरज सहसा पडत नाही.

याच ॲम्पवर भजनाची पेटी किंवा अकूस्टिक गिटार चालेल काय?

चालवू शकता, पण हिरमोड होईल. पेटीला, गळ्याला, टाळाला वरचे सूर लागतात, आणि आपण तेच कापून बसलोय. चर्चच्या क्वायरमध्ये अकूस्टिक वाजवणाऱ्यांनाही हेच सांगतो: तुम्हाला पूर्ण पट्ट्याचा स्पीकर आणि स्वच्छ ॲम्प हवा, या पानावरचे बरेचसे सल्ले तुमच्यासाठी उलटे धरा.

वाजवत नसताना घूंऽऽ आवाज येतो. स्पीकर बदलू काय?

नको. अडॅप्टर काढून बॅटरीवर लावा. घूं थांबली तर अडॅप्टर दोषी. थांबली नाही तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. तेव्हा थांबली तर वायर, पिकअप किंवा स्पीकरच्या चुंबकाला अगदी खेटून बसणं यांपैकी काहीतरी. उंच शिट्टी किंवा फुरफुर असेल तर एलएम३८६ च्या आउटपुटवर १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड ही जोडी ग्राउंडला लावली आहे ना, ते बघा. पुष्कळ जण ती गाळतात.

बॅटरीचं म्हणाल तर ९ व्होल्टचा चौकोनी सेल लवकर बसतो. दीड व्होल्टचे ६ पेन्सिल सेल होल्डरमध्ये टाका. व्होल्टेज तेवढंच, टिकतात कितीतरी जास्त, आणि लाइट गेली तरी वाजवणं थांबत नाही.